'वाटेक लाव' या शब्दांबाबत

जबाब

नाव: चेतना प्रबुद्ध वानखडे. वय: ४६ वर्षे. धंदा: नोकरी, खासगी रक्त तपासणी केंद्र. राहणार: पहिला मजला, आनंदछाया सोसायटी, कांदिवली पूर्व. मूळ जिल्हा: अकोला.

मी बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर आहे आणि विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व मुलगी ऋतिका यांच्यासह राहते. आमच्या खिडकीखाली, औदुंबराजवळ, एका देवाची घुमटी आहे. तळमजल्यावरचे गुणाजी धुरी, वय अंदाजे ७२, मूळचे कुडाळकडचे, पूर्वीचे गिरणी कामगार, दर सोमवारी सकाळी तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे म्हणजे इथे तक्रार नव्हे. मालवणी माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणे मागतो, त्याला ते लोक गाऱ्हाणे म्हणतात. बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी बौद्ध आहे, देव मानत नाही. पण राहायला आल्यापासून ऐकते आहे, त्यामुळे बरेचसे पाठ झाले आहे.

आमची इमारत पाडून नवी बांधायची आहे. सर्वांनी संमती दिली, मी दिलेली नाही. करारात 'ताबा लवकरात लवकर देण्यात येईल' असे लिहिले आहे. लवकरात लवकर म्हणजे कधी, ती तारीख घाला, एवढेच माझे म्हणणे आहे. तेव्हापासून जिन्यात काही जण मला 'आडवी बाई' म्हणतात. म्हणोत.

गेल्या सोमवारी मी खिडकीत कपडे वाळत घालत होते. गुणाजी खाली नेहमीसारखे उभे राहिले आणि पुढील शब्द बोलले: "बा देवा म्हाराजा, नव्या इमारतीच्या कामात जे कोण आडवे इले असतीत, तेंका वाटेक लाव रे म्हाराजा!" जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटले. सोसायटीचा सेक्रेटरी श्रेयस पाटणकर याने ते मोबाइलवर घेतले. श्रेयसला मालवणी येत नाही. तो धावत वर आला आणि म्हणाला, "काकू, तुमची वाट लावायला सांगितली त्यांनी देवाला! सरळ सरळ धमकी आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर माझीच वाट लागेल ना!" मी त्याला म्हटले, "अरे, नीट ऐक तरी." तो ऐकायला थांबला नाही. दुपारी त्याने तक्रार दिल्याचे मला नंतर कळले. मुलगा वाईट नाही, घाबरट आहे.

'वाट लाव' आणि 'वाटेक लाव' यांत फरक आहे. वाट लावणे म्हणजे वाटोळे करणे, हे मुंबईत कोणालाही सांगावे लागत नाही. वाटेक लावणे म्हणजे मार्गी लावणे. घरी आलेल्या पाहुण्याला शिदोरी देऊन आपण वाटेला लावतो, तसे. गुणाजींनी देवाला माझी अडचण सोडवायला सांगितली, असा त्याचा अर्थ मी घेतला व आजही घेते.

उपनिरीक्षक पाटोळे साहेबांनी विचारले की मला भीती वाटली का. नाही. ज्या देवाला मी मानतच नाही, तो माझे काय वाकडे करणार? यावर साहेब हसले, पण हे वाक्य माझ्या जबाबात घ्यावे.

साहेबांनी मला विभागात लागू असलेला मनाई आदेश दाखवला. त्यात 'इतरांना त्रास होईल असे शब्द उच्चारणे' मना आहे. त्रास म्हणजे काय, असे मी विचारले. ते आदेशात दिलेले नाही, परिस्थिती पाहून ठरवतात, असे साहेब म्हणाले. मला राग आला. चोरी म्हणजे काय हे कायद्यात लिहिलेले आहे, म्हणून ती करू नये हे माणसाला आधी कळते. त्रासाचे तसे नाही. तोंड उघडून झाल्यावर दुसऱ्याने ठरवायचे की गुन्हा झाला. मागे बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी वंदना चालू असताना याच शब्दावर हवालदार दाराशी आले होते. तेव्हा त्रास मी होते, आज गुणाजी आहेत. साहेबांनी स्वतः सांगितले की या शब्दावर नेलेली प्रकरणे कोर्टात टिकत नाहीत; नेमका कोणता शब्द आणि नेमके काय झाले, असे विचारतात आणि सांगता येत नाही. पण मी त्रास झाला म्हटले तर केस नोंदवावी लागेल, असेही ते म्हणाले. म्हणजे या वयात गुणाजींनी कोर्टाच्या तारखांना हेलपाटे घालायचे की नाही, हे माझ्या एका शब्दावर आहे.

गुणाजी आज बाहेर बाकावर बसले आहेत. आत येताना त्यांनी मला थांबवले. "बाय, तुझा वायट कसा चितीन गो मी?" म्हणाले. मग म्हणाले, "देवाक काय सांगू, ता तूच कागदार लिवन दे. पोलिसांका दाखवन घेवया." ते चेष्टा करत नव्हते.

या सोमवारी गुणाजींनी नारळ ठेवला, हात जोडले आणि काही न बोलता घरात गेले. बाकीचे थोडा वेळ उभे राहिले. म्हणायला काही नव्हते, म्हणून तेही गेले. मी खिडकीत होते. कपडे वाळत घालून झाले तरी मी तिथेच होते.

माझी गुणाजी धुरी यांच्याविरुद्ध तक्रार नाही. श्रेयसविरुद्धही नाही. गाऱ्हाणे पुन्हा सुरू झाले तर माझी हरकत नाही. मी 'व्हय म्हाराजा' म्हणणार नाही, पण खिडकी उघडी ठेवीन.

जबाब मराठीत लिहून मला वाचून दाखवला. त्यात 'मी घाबरले होते' असे आले होते, ते माझे शब्द नसल्याने खोडून घेतले व बाजूला सही केली. या सोमवारच्या शांततेबद्दल मला आणखी एक वाक्य सांगायचे होते. त्यात 'त्रास' हा शब्द येत होता. तो कागदावर आला तर गुणाजींवरच जाईल, असे साहेबांनी समजावले. म्हणून ते वाक्य मी सांगितलेले नाही. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: चेतना प्र. वानखडे