पैलवानाची सतार

चहा घ्या, आन् आमच्या दस्तगीरचं ऐका. महाराजांच्या राज्यात आमच्या पेठेतला जो तो तालमीत. दस्तगीरबी पैलवानच, पण पोटाला सुतारकाम. त्याच्या डोक्यात आलं, सतार बनवायची. मिरजेच्या उस्तादांना पसंत पडली, तर दारं-खिडक्या सोडून हाच धंदा करणार.

उस्तादांना विचारलं, "दांडी केवढी ठेवू?"

"चार वीत."

यानं दांडी केली. दांडीवरचे पितळी पडदे मात्र उस्तादांच्या सतारीला दोरा लावून, त्याच मापानं बांधले. उस्तादांनी सतार छेडली, तर एक सूर जागेवर न्हाय.

"दांडी कुणाच्या वितीनं मोजलीस?"

"माझ्याच की!"

उस्तादांनी त्याचा फावड्याएवढा पंजा बघितला. सगळे पडदे सोडून लांब लांब बांधले. सूर लागले. पण पार वरच्या पडद्याला उस्तादांचा हातच पोचेना.

"आता ही वाजवणार कोण?"

गावात तेवढा हात एकाचाच. दस्तगीर स्वतःच शिकायला बसला.

वर्षभरानं मी उस्तादांना विचारलं, "कसा वाजवतोय?"

उस्तादांनी बराच विचार केला आन् म्हणाले, "हात पोचतोय."