दोनशे पानांची लिमिट

कॅन्टीनची रांग काही हलेना. ऑफिसच्या ड्रायव्हरच्या पुढ्यात आवक-जावक टेबलावरचे काका आणि कॉम्प्युटर विभागातल्या मॅडम उभ्या होत्या. कान बंद थोडेच करता येतात!

"काका, महिन्याला दोनशे पानांची लिमिट आहे. आज सात तारीख, आणि तुमची पानं संपलीसुद्धा. एवढं छापता तरी काय?"

"आलेली पत्रं, दुसरं काय."

"ती स्क्रीनवर दिसतात की."

"तुला दिसतात, पोरी. मी अक्षर मोठं करून छापतो. पानावर चार ओळी बसतात."

"अगं बाई! डॉक्टर काय म्हणतात?"

"डावा डोळा गेलाच. उजवा जपायचा."

"साहेबांना बोललात?"

"बोललो तर उद्यापासून घरी. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. माझ्या हातून एक तरी पत्र चुकलंय का, सांग."

"नाही हो. स्क्रीनवरच अक्षर मोठं करून देते ना."

"आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं म्हणजे?"

"टेबल फिरवून घेऊ. स्क्रीनवर ऊन येतं म्हणून सांगू."

"जड आहे ते."

ड्रायव्हरला राहवलं नाही.

"काका, जेवण झालं की हाक मारा. ऊन फार येतं तिथे, मीही पाहिलंय."