गल्लीची त्यागमूर्ती

...नाही, पण गाण्याच्या आधीच कसं काय रडू येतं माणसाला, मला एवढंच सांगा! गाऊन झाल्यावर आलं तर समजू शकते, एखादी जागा लागते काळजाला, येतं पाणी. पण इथं अजून तबलेवाल्यानं हातोडी खाली ठेवलेली नाही, पोरगं नुसतं माईकपाशी येऊन उभं राहिलंय, आणि ते शालवाले परीक्षक डोळ्याला रुमाल लावून तयार! तुम्हाला सांगते, तो रुमाल मी मोबाईलवर मागे-पुढे करून चार वेळा बघितला. कोरडा ठणठणीत! इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आता ह्यात संशय येणार की नाही माणसाला?

बरं, मी कुणी मोठी जाणकार नाही. एम.ए. झालेय, तेही राज्यशास्त्र घेऊन. पण गाण्याच्या दोन-तीन परीक्षा दिल्यात, आणि ‘वल्लरीचा कान चांगला आहे’ असं आमच्या बाईच म्हणायच्या. गळ्याबद्दल काही म्हणायच्या नाहीत, ते सोडा. तर ‘सूर तुझा, कौल महाराष्ट्राचा’ लागलं की मी वही घेऊन बसते. तो ठाण्याचा उन्मेष. आवाज गोड, पण समेवर आला की भुवई उडवतो, आणि भुवईबरोबर सूरही उडतो! ती नाशिकची मुलगी ताना अशा घेते की शेजारी शिलाई मशीन सुरू झाल्यासारखं वाटतं, मी तर प्रत्येक तानेला दचकते. आणि परीक्षक काय म्हणतात? मान अशी हलवून, ‘बाळा... तू आज गायला नाहीस... तू जगलास!’ दर आठवड्याला! दहाच्या दहा जण जगतात! अहो, एखाद्यानं गावं की कधीतरी! त्यांच्या शेजारच्या परीक्षक, त्या गजरेवाल्या बाई, हात पुढे करतात, ‘बघा, बघा, शहारा आला अंगावर!’ मी टीव्ही थांबवून बघितलं. मनगटापर्यंत बाह्या! शहारा दिसला कुणाला? प्रेक्षकांत एक हिरव्या साडीतल्या बाई आहेत, त्या डोळे टिपतात. गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या गाण्यांना टिपले... तेच बोट, तोच डोळा, तोच कॅमेरा! आता ह्यात संशय येणार की नाही?

तुम्ही म्हणाल, एवढा संशय येतो तर बघतेस कशाला? बघू नको तर काय करू! त्या दहा जणांत आमची अंतरा आहे! माझी सख्खी धाकटी बहीण! दर शनिवारी कार्यक्रम संपला की त्यांना अर्धा तास मोबाईल मिळतो, आणि ती पहिला फोन मला करते, आईला नाही, बाबांना नाही. ‘ताई, खरं सांग, कशी गायले?’ आणि मी खरं सांगते. वाईट वाटलं तरी सांगते. तिचं म्हणणं, तिथं सगळेच छान म्हणतात, त्यामुळे आपण कुठं आहोत तेच कळत नाही. एक तूच आहेस, म्हणते. ही जबाबदारी काय थोडी आहे? मला शुक्रवारपासून जेवण जात नाही.

तर मागच्या आठवड्यात त्यांची माणसं आली आमच्या घरी. कोल्हापुरात! शूटिंगला! प्रत्येक स्पर्धकाच्या घरची एक फिल्म दाखवतात ना, पत्रे गळतायत, चूल धुमसतेय, ती. मोहित नावाचा दिग्दर्शक, गळ्यात हेडफोन, डोळ्यांखाली काळं. आमच्या घरात चार दिवस आधीपासून धुमाकूळ. बाबांनी गेट रंगवून घेतलं, सोफा बदलला. आईनं तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, सगळं रांधलं. मोहितनं पहिली वाटी पांढरा प्यायला, दुसरी प्यायला, तिसरी पिताना सोफ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहराच पडला.

‘काका, म्हणजे... घरात स्ट्रगल काय आहे?’

बाबा म्हणाले, ‘स्ट्रगल हाय की. पार्किंगचा. तीन गाड्या लावायच्या कुठं?’

‘नाही, म्हणजे तुम्ही काय करता?’

‘वर्कशॉप हाय आपलं. कागल पंचतारांकित एमआयडीसी.’

पंचतारांकित ऐकून त्यानं वाटी खालीच ठेवली. मग दबक्या आवाजात म्हणाला, ‘एखाद्या मागावर वगैरे उभे राहाल का? हातमाग, यंत्रमाग, काहीही चालेल. बाप घाम गाळतोय, लेक गातेय...’ मला तिथंच शंका आली होती, पण बाबांना काय, फोटो निघतोय म्हटल्यावर कुठंही उभे राहतात! कबनूरला त्यांचे जुने मित्र मीरासाब चाचा, त्यांचा यंत्रमागाचा कारखाना. गेले सगळे. बाबा परीटघडीचा शर्ट घालून मागाला हात लावतात न लावतात तोच धागा तुटला, माग बंद! मी दोन फूट मागे उडाले. मीरासाब चाचा धावत आले. ‘अवो सायेब, हात काढा तिथनं!’ मग मोहितनं त्यांना गरिबीचं काय ते समजावलं. झालं! ‘गरिबी? माझ्या कारखान्यात गरिबी दाखवायची तुमास्नी? बारा माग हायत माझे! पोरगी डॉक्टर हाय मिरजेत! चहा प्या आन् निघा पावणं!’ चहा मात्र दोनदा पाजला. बिस्किटांसह.

आले परत. आता मोहित आईच्या मागे. ‘काकू, लेक लांब आहे, आठवण येत असेल, दोनच अश्रू द्या.’ आई म्हणाली, ‘पावणं घरात बसल्यात आणि मी रडत बसू? लोक काय म्हणतील?’ तेवढ्यात, तुम्हाला सांगते, त्यांचा तो दिव्याचा उंच स्टँड माझ्या मागे धाडकन पडला!

आता मला एक जन्मजात खोड आहे. दचकले की माझे डोळे भरतात आणि हनुवटी थरथरते. कुकरच्या शिट्टीलाही होतं. दुःख वगैरे काही नसतं हो! पण मोहितनं माझ्याकडे बघितलं, आणि सोनाराला दागिना दिसावा तशी त्याची नजर लकाकली. ‘कॅमेरा इकडे! ताई, तुम्हीही गायचात ना? का सोडलंत?’ मी खरं ते सांगितलं. ‘मी गाणं सोडलं, कारण परीक्षेत परीक्षक शिंकले.’ अहो, खरंच शिंकले! मी भूप गात होते, एवढी दचकले की पुढचं काही आठवेना, जी उठले ती पुन्हा गेलेच नाही. मोहित ‘अच्छा’ म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं, ‘हातात कसला डबा?’ म्हटलं, कांदा-लसूण चटणी. ‘कुणासाठी?’ म्हटलं, ‘अंतरासाठी.’ त्यांच्याबरोबरच पाठवायचा होता तो! एवढंच बोलले. शपथेवर सांगते, एवढंच!

शनिवारी आम्ही टीव्हीपुढे. आधी मलकापूरच्या मोहसीनचं गाणं होतं. त्याच्या घरची फिल्म म्हणजे वीस सेकंद. त्याची आई, नजीरा नाव त्यांचं, दारात उभं राहून हसतायत. ‘आमचं समदं बरं हाय की! पोरगं गातंय, आनखी काय पायजे?’ संपली फिल्म! आणि मग तो गायला. काय सांगू तुम्हाला... मी वहीत काही लिहिलंच नाही. पेन उघडून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. बाबांच्या हातातली चकली हातातच राहिली. परीक्षक म्हणाले, ‘छान. मेहनत कर.’ बस! आता ह्यात संशय येणार की नाही?

मग अंतराची फिल्म. अंधार. एक समई. आमच्या घरात समई चौथ्या कपाटात असते, ती कुणी काढली देव जाणे! आणि त्या उजेडात मी. हनुवटी थरथरतेय, डोळ्यांतून थेंब असा सावकाश, सावकाश, अर्धा मिनिट गालावरून उतरतोय. ‘मी गाणं सोडलं...’ मागे बासरी! बासरी हो! ‘...अंतरासाठी.’

मी किंचाळले. चटणी! ते चटणीचं होतं!

मग अंतरा गायला आली, तिनंही ती फिल्म तिथंच पहिल्यांदा बघितली होती. डोळे पुसतच माईक धरला. वरचा सूर लागेना. घसरला, परत धरला, परत घसरला. मला कळलं, आईला कळलं, बाबांना कळलं, आणि बाबांना तर भजन आणि पोवाडा वेगळा कळत नाही! आणि तिकडं? सगळे उभे! शालवाले उभे, गजरेवाल्या उभ्या, हिरवी साडी उभी! ‘बाळा... तू आज गायली नाहीस!’ आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले! खरंच नव्हती गायली ती!

मोहसीन आणि अंतरा दोघंही धोक्यात, एक जाणार, प्रेक्षकांनी मोबाईलवर कौल द्यायचा रविवारी दुपारपर्यंत. आणि वाजला माझा फोन. मी दचकले. अंतरा हुंदके देतेय. ‘ताई, माझ्यासाठी सोडलंस? एवढी वर्षं बोलली नाहीस!’ म्हणजे तिलासुद्धा खरं वाटलं! सख्ख्या बहिणीला! मी म्हटलं, ‘अगं बाई, परीक्षक शिंकले होते!’ मग ती हळूच, ‘मग खरं सांग, कशी गायले?’

काय सांगायचं हो? एकीकडे तिची वर्षाची मेहनत, एकीकडे ती रडवेली, उद्या निकाल. छान म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग ती कुणाला विचारेल? म्हटलं, ‘वरचा सूर लागला नाही, अंतरा. दोनदा.’ तर म्हणाली, ‘सुटले बघ. सगळे उभे राहिले तेव्हा मला वाटलं, माझेच कान गेले.’

रात्र कशी गेली विचारू नका. सकाळी बाहेर बघते तर कोपऱ्यावर फ्लेक्स! मंडळाच्या सम्राटदादानं एका रात्रीत उभा केला होता. ‘त्यागमूर्ती वल्लरीताई’! वीस फूट मी! तो थेंबच माठाएवढा! खाली गॉगल घातलेली सतरा पोरं, शुभेच्छुक म्हणून. भाजीवाली विठाबाई मला बघून म्हणाली, ‘पोरी, कोथिंबीर आसूं दे, न्हे तशीच.’ अख्खं कोल्हापूर अंतराला मत देत होतं, माझ्याकडे बघून! एका चटणीच्या डब्यावर!

मी न्हाणीघरात गेले, कडी लावली, आणि मोबाईलवर मोहसीनच्या नावावर बोट दाबलं. तर ते अॅप मोठ्यानं ओरडलं, ‘अभिनंदन! तुमचा कौल मोहसीनला!’ मोबाईल बादलीत पडता पडता राहिला. बाहेर आई! ‘वल्ले, कुणाला दिलंस मत?’ मी कडी काढली, मान खाली. घरातच गद्दारी, असं काहीतरी ऐकायच्या तयारीत. आई इकडंतिकडं बघून कुजबुजली, ‘मी बी त्यालाच दिलं. काय गायलं गं पोरगं!’ आणि मागनं बाबा, ‘माझं तर रात्रीच झालंय.’ म्हणजे तुम्हाला सांगते, सगळ्या कोल्हापुरात अंतराला मत न देणारं घर एकच, आमचं!

संध्याकाळी अंतरानं तर कमालच केली. निकालाच्या आधी माईक घेतला आणि सरळ सांगून टाकलं. ‘माझ्या ताईनं माझ्यासाठी काही सोडलेलं नाही. परीक्षक शिंकले म्हणून सोडलंय. आणि काल मी बेसूर गायले. मोहसीन सुरात गायला.’ मी उशी पोटाशी धरली. म्हटलं, आता येणार सगळं बाहेर! शालवाले सावकाश उठले. शाल सावरली. ‘बघा... बहिणीचा त्याग झाकायला ही पोर स्वतःवर दोष घेतेय! हे... हे संस्कार आहेत!’ टाळ्या! परत सगळे उभे! खरं बोललं तरी तेही ह्यांच्याकडे त्याग म्हणून खपतं, तुम्हीच सांगा, आता संशय तरी घ्यायचा कशावर?

अंतरा सर्वाधिक मतांनी आत. मोहसीन बाहेर.

जाताना तो हसत होता, अंतरानं सांगितलं. तिला म्हणाला, ‘तुझ्या ताईंना सलाम सांग. माझी अम्मी त्यांना बघून लई रडली.’ आता ह्याचं मी काय करू? नजीरामावशी खऱ्या रडल्या. खऱ्या! माझ्यासाठी! मी त्यांना फोन करून चटणीचं सांगणार होते. तीनदा नंबर लावला, तिकडून ‘हॅलो’ आलं की दचकून ठेवला.

आणि आज मोहितचा फोन. पुढच्या आठवड्यात ‘कुटुंब विशेष’. गाणं सोडलेली ताई बहिणीसोबत पुन्हा गाणार! मी म्हटलं, ‘अहो, मला गाता येत नाही, कुणी शिंकलं तरी मी थांबते.’ तर म्हणतो, ‘ताई, तुम्ही फक्त ओठ हलवा. सूर आम्ही मागनं लावतो.’ मी नाहीच म्हणणार होते. पण अंतरा म्हणाली, ‘ये ना ताई. इथं कानात खरं सांगणारं कुणीच नाही. मोहसीन होता, तोही गेला.’

मग काय करता? निघालेय परवा. विचारलं मोहितला, साडी कुठली नेसू? म्हणाला, ‘साधी. जुनी, विरलेली असेल तर उत्तम.’ आता आमच्या आईच्या कपाटात विरलेली साडी कुठनं येणार? ती आत्ताच महाद्वार रोडला गेलीय. दुकानदाराला म्हणणार आहे, भारीतली दाखवा... पण जुनी दिसंल अशी.