काकासाहेबांचा जबडा

जालन्याच्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या रांगेत माझ्या पुढं दोन म्हातारे बसले होते. एकाचा अर्धा चेहरा पट्टीत होता. तो सावकाश, जड बोलत होता.

“मास्तर, वळखलं का?”

“भुवयांवरून वळखलं, काकासाहेब. कधी झालं ऑपरेशन?”

“पोळ्याच्या आधी. गुटख्यानं जबडा नेला. तुम्ही पेपरात माझं व्यंगचित्र काढायचे, तव्हा लई मोठा दाखवायचे.”

“घागरीएवढा. तुम्ही आष्टीच्या बाजारात अंक जाळले व्हते.”

“सगळे जाळले. आता एक चित्र काढून द्या.”

“फोटो असतील की. गावभर तुमचे फ्लेक्स लागायचे.”

“फ्लेक्सवर मी नुसता तोंड मिटून, हात जोडून उभा हाये. नातू दोन वर्षांचा हाये, मास्तर. पट्टी पाहून रडतो, जवळ येत न्हाई. आजा हसायचा कसा, ते त्याला दाखवायचंय.”





मास्तरांनी केसपेपर उलटा केला, खिशातला पेन काढला.

“जबडा जसा व्हता, बराबर तसाच काढतो.”

“न्हाई. घागरीएवढाच काढा.”