जिवंत सासऱ्याची मयत

(अड्याळ. बँडमास्तर गोमाजींची ओसरी. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेचा दुसरा दिवस.)

रुखमा : त्याले घरात घेऊ नका. आधी आंघोळ करू द्या. मयतीतून आला ना तो!

गोमाजी : रुखमे, तू आत जाय.

रुखमा : काहून जाऊ? याचा सासरा मेला म्हनून काल पोटभर रडली मी.

सेवकराम : काकू, चुकलं माहं.

गोमाजी : चुकलं? आयक आता. तुहा निरोप आला, "सासरा गेला, सासुरवाडीले, एकोडीले जाऊन राहिलो." आपली रीत तुले मालूम आहे. बँडपार्टीतल्या कोनाच्याबी घरी मयत झाली का आपन बाजा उचलत नाही. भर मंडईत उभा राहून म्या सांगतलं, आज दंडारीच्या नाचगान्याले आमचा बाजा नाही, दुसरी पार्टी पाहा. मंग कोरं कापड घेतलं, हार घेतला, अन् सारे एसटीत बसलो.

सेवकराम : तुम्ही एकोडीले गेले?

गोमाजी : तर काय! तुह्या दुःखात जाणार नाही का? तुहा सासरा वावरातल्या बांधीत धान कापून राहिला होता. आमाले पाहून विळा घेऊनच धावत आला. म्हनते, "मास्तर, कोन गेलं?" काय सांगू त्याले? तूच गेला म्हनू?

रुखमा : त्याच्याच घरचं पानी पिऊन आले हे. हार पिशवीत लपवून!

गोमाजी : तू होता कोठी?

सेवकराम : नागपूरले. परदेशातली पार्टी आली होती, मास्तर. केवढी मोठी! फिडल, क्लॅरनेट, ढोल, नावं नाही मालूम असे बाजे. नाकाडोंगरीच्या इंजिनेरसाहेबानं पास देल्ले. त्याच्या पोरीच्या लग्नात माहा बाजा आयकला होता त्यानं.

गोमाजी : मंग सासऱ्याले आजारी पाडाचं. मारलं कायले?

सेवकराम : तुम्ही म्हनले असते, मंडई होऊ दे, मंग जाय.

गोमाजी : म्हनलो असतो. काय वाजवलं त्याहीनं?

सेवकराम : विसाव्या शतकाच्या सुरवातीचं होतं म्हने, त्याहीच्या मुलखातलं. पहिले एकच बाजा वाजला, एकटा, रडवेला. मंग सारे तुटून पडले. ठेका धराले जावं तर हातातून निसटे. लोकं हासले. आर्धे उठून गेले. मी मातर जागचा हाललो नाही. मास्तर, लहानपणी मी दोन सुरांच्या मधात घुसून वाजवत होतो, आठवते? बेसूर म्हनून तुम्ही छडी हानत होते. तेच सूर! त्याहीनं जाणूनबुजून वाजवले.

गोमाजी : मले मालूम आहे ते सूर.

सेवकराम : तुम्हाले?

गोमाजी : तरणा होतो तवा मीबी वाजवत होतो. एका वरातीतून नवरदेवाच्या बापानं मले हाकलून देल्लं. तुह्यावर तशी पाळी येऊ नये म्हनून हानत होतो.

सेवकराम : हे कधी सांगतलं नाही तुम्ही.

गोमाजी : तूनं कधी विचारलं? काल दंडारीत तुह्या डोक्यावर फेटा बांधनार होतो मी. पार्टी तुह्या हाती देनार होतो. साऱ्या गावाले ठाऊक होतं, तुले सोडून. तेबी जाऊ दे. पास किती होते?

सेवकराम : दोन.

गोमाजी : दुसरा कोनाले देल्ला?

सेवकराम : कोनालेच नाही. बाजूची खुर्ची खाली राहिली.

रुखमा : अन् या मानसानं तुले पोटच्या पोरावानी वाढवलं रे!

गोमाजी : तू गप राय. सेवक, मले काहून नाही नेलं?

सेवकराम : मले वाटलं, तुम्हाले नाही समजनार.

गोमाजी : (पिशवीतला हार काढून खुंटीला अडकवतात.)

सेवकराम : मास्तर, रागवा. छडी मारा. पन बोला.

गोमाजी : रुखमे, चहा ठेव. अन् याले घरच्या कपात नको, पाहुन्याच्या कपात दे.