सरकार डॉट भारत

न्हाई न्हाई भाऊ, पाटीवर 'वनमाला' लिहिलंय ते माझंच नाव — बसा, तव्यावरची भाकरी आली बघा. आधी हॉटेलाचं नाव 'सरकार' होतं. कावून म्हंजे? आमच्या ह्यांना, विजयसिंहांना, अर्धी गेवराई सरकारच म्हणते, त्यांच्या वडलांनाबी म्हणायची. मग इंटरनेटवरचा पत्ताबी तसलाच घेतला — सरकार डॉट भारत, मराठी अक्षरांत — अन् खाली लिहिलं, 'आपल्या सेवेत'. झालं. लोकांना वाटलं, खरंच सरकार. थाळीची ऑर्डर एखादी, अन् अर्जच लई — कुणाला घरकुल पाहिजे, कुणाचा शेतातला रस्ता अडवलाय. ह्यांना मौज वाटायची. सगळ्यांना उत्तर धाडायचे — 'अर्ज मिळाला, काळजी नसावी.' मीबी हसायची, खोटं कावून बोलू.

मग एक दिवस नांदूरघाटच्या बायनाबाई एसटीनं आल्या, गल्ल्यापाशी उभ्या — 'सरकार कुठं बसतेत?' निराधारांच्या पगारासाठी शेजारणीच्या मोबाइलवरून अर्ज केलता म्हातारीनं. आपलं उत्तर गेलं, म्हणून दुसरीकडं गेल्याच न्हाईत, वाट बघत बसल्या. ह्यांचं तोंड उतरलं. त्यांना जेवू घातलं, पाया पडले. मी सोबत केजच्या तहसीलात गेलते — पगार सुरू झाला त्यांचा, हाय आता. पण मी म्हणलं, हे नाव सोडा. तर म्हणे, 'उत्तरं धाडायची बंद करतो. नाव वडलांचं हाय, ते न्हाई सोडणार.'

अन् दिल्लीला इंटरनेटवरच्या नावांवर देखरेख ठेवणारं सरकारी ऑफिस असतंय ना, तिथून नोटीस आली — लोकांना सरकारीच वाटतंय, पत्ता बंद. हे जेवणाला शिवंनात. 'दिल्लीला माझं हॉटेल दिसलंच कसं?' — हेच घोकत बसायचे. दिसंल न्हाई तर काय, भाचीला बसवून मीच तक्रार — ठेचा घ्या की, तिखट न्हाई तेवढा.

मग एके सकाळी गेले अन् पाटीच रंगवून आणली. इंटरनेटवरबी तेच नाव. म्हणले, 'नाव गेलं तवा तू एकटी माझ्या बाजूनं उभी राहिलीस. आता तुझंच नाव.' मी पाटी पुसत उभी राहिले नुसती — नवीकोरी पाटी.

हसू नका भाऊ. गाडी लावून हिकडंच यायलेत ते. मान खाली घाला अन् जेवा.