वातीजवळच्या सात मिरच्या

मंडळी, आधी एक विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारणीला ऐकू जायला नको. दूध नासलं, भाकरी करपली, पोरगं नापास झालं — तर दोष द्यायला पहिलं नाव कुणाचं आठवतं? स्वतःचं? ... हसलात. म्हणजे ओळखीचं आहे.

तर ऐका. गडहिंग्लजला रोहिणी म्हणून एक बाई. कुराड्यांची धाकटी सून. मेणबत्त्या करायची — आत फुलं घातलेल्या. आधी एक बारकी मेणबत्ती मोठ्या साच्यात मधोमध उभी करायची. भोवतीच्या फटीत गुलाबाच्या पाकळ्या, शेवंती सारायची, नि वरनं पातळ मेण ओतायचं. वात मधे जळते, फुलं कडेला राहतात, उजेड त्यांच्यातनं बाहेर येतो. बघत बसावं असं काम!

कोल्हापूरच्या एक दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या गावच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमात पेटवून बघते. नीट जळली, तर माझ्या दुकानात एक कप्पा कायमचा तुमचा." झालं! रोहिणीचा जीव त्या कप्प्यात.

पण पहिल्या खेपेला पाकळ्या काळ्या पडल्या. दुसऱ्या खेपेला वात तडतडून विझली. तिसऱ्या खेपेला मेणाच्या आत बुरशी. रोहिणी म्हणाली, "दृष्ट लागली." कुणाची? थोरल्या जावेची, कमलआक्कांची. का, तर त्या दोनदा आल्या नि दोन्ही वेळा मेणबत्तीकडं बघून 'च्यक्' म्हणाल्या. पुरावा मिळाला की हो!

नवरा म्हणाला, "अगं, विचार तरी, काय बघून म्हणतात ते."

"विचारायचं काय? बघवत नाही त्यांना."

आक्का तिसऱ्यांदा आल्या, तर हिनं दार लावून घेतलं. नि चौथ्या मेणबत्तीत, मंडळी, हिनं वातीला लगटून सात सुक्या लाल मिरच्या घातल्या.

नवरा घाबरला. "पेटल्यावर लोकांना ठसका लागेल की."

"एवढंही ठावं नाही तुम्हाला? दृष्ट लागलेली असली की मिरची जळून ठसका लागत नाही. आपल्याला लागलीय ना? मग भ्यायचं कशाला?"

काय बुद्धी! वकील व्हायची, ती मेणात अडकली.

कार्यक्रमाचा दिवस. हॉलमध्ये दीडशे बायका. वाऱ्यानं ज्योत हलू नये म्हणून दारं-खिडक्या बंद — त्याही रोहिणीनंच लावलेल्या. मेणबत्ती पेटली. कोल्हापूरच्या बाई म्हणाल्या, "सुरेख." अध्यक्षीणबाई भाषणाला उभ्या राहिल्या. "भगिनींनो, स्त्रीचा आवाज आता कुणीही दाबू —" आणि आवाज बसला. पहिली मिरची पेटली होती.

मग काय सांगू! पहिली रांग खोकली, दुसरी खोकली, माईकवाला खोकला तो तर सगळ्या पेठेला ऐकू गेला. दाराकडं पळापळ. कोल्हापूरच्या बाई पदरानं तोंड दाबून गाडीत बसल्या नि काच वर केली.

रोहिणी पायरीवर बसून राहिली. कमलआक्का डोळे पुसत शेजारी येऊन टेकल्या.

"मिरच्या घातल्या होत्यास?"

"व्हय."

"माझ्या नावानं?"

रोहिणीनं खाली बघत मान हलवली.

"मला ठसका लागला. तुला लागला. दीडशे बायकांना लागला. मग दृष्ट होती का नव्हती, सांग आता."

"... नव्हती, आक्का."

"फुलं ओली घालतीस तू. पाणी राहतं आत, म्हणून कुजतात. एवढी देखणी वस्तू वाया जाते म्हणून जीव हळहळायचा माझा. सांगायला आले, तर दार लावलंस."

रोहिणीनं नाक पुसलं. "किती दिवस वाळवायची?"

"पंधरा. सावलीत."

"आणि कप्पा?"

"कप्पा विसर. ती बाई निपाणीपर्यंत खोकत गेली असेल."

मंडळी, कप्पा गेला तो गेलाच. गोड शेवट लावून सांगणारा मी नाही. पण दुसऱ्या दिवशी आक्कांच्या माडीवर दोघी मिळून चादरीवर पाकळ्या पसरत होत्या.

आता तुमचं. ज्याच्यामुळं आपलं बिघडतंय असं तुम्हाला वाटतं, असं एक नाव प्रत्येकाकडं आहे. माझ्याकडंही आहे, तबल्यावर बसलाय. उद्या त्या माणसाला चहाला बोलवा नि विचारा, "माझं काय चुकतंय?" उत्तर मिरचीपेक्षा जास्त झोंबेल. पण दार उघडं ठेवा, नि पुरतं ऐकून घ्या.